जपानमधल्या टू-स्ट्रोक ट्रेल बाईक १९९९ ला एकदम बंद का झाल्या? आणि आता जुनी घ्यावी का?

हामामात्सुकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज विचारूनच टाकतो. मी नोकरीसाठी जपानमध्ये हामामात्सुला असतो. सुझुकीचं मुख्य ऑफिस इथेच, यामाहाचं शेजारच्या इवाताला, होंडाची सुरुवातही याच भागातली, त्यामुळे इथे प्रत्येक गल्लीत एखादा तरी म्हातारा गाडीवाला सापडतोच. शहराच्या उत्तरेला तेनर्यूचे डोंगर लागतात, तिथे लाकूड वाहून आणायला जंगलातून काढलेले रस्ते आहेत, रिंदो म्हणतात त्यांना, काही डांबरी झालेत पण आतले बरेच अजून मातीचेच. सुट्टीला मी भाड्याची सीआरएफ २५० एल (होंडाची फोर-स्ट्रोक) घेऊन तिकडे जातो.

तिथेच एक आजोबा भेटले, साठी कधीच ओलांडलेली, आणि त्यांच्याकडे यामाहाची डीटी २०० डब्ल्यूआर, टू-स्ट्रोक ट्रेल बाईक, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीकडे चालणारी. रस्ता पुढे दरड पडून बंद होता आणि वळवायला जागा नव्हती, मी आपला पुढे-मागे पुढे-मागे करतोय तोवर या माणसाने उतरून मागची पट्टी धरली, मागचं चाक उचललं आणि गाडी जागच्या जागी फिरवून तोंड खाली केलं. एक किक, रिंग-डिंग-डिंग, निळसर धूर, तो टू-टी ऑइलचा वास, आणि गेले. मला तर एकदम बाबांची आरएक्स १०० आठवली.

नंतर चहाच्या टपरीवर, म्हणजे इथल्या व्हेंडिंग मशीनपाशी, त्यांच्याशी बोललो (माझं जपानी कामचलाऊ आहे). ते म्हणाले की नव्वदच्या दशकात सगळ्यांकडे अशा गाड्या होत्या, यामाहाची डीटी आणि नंतरची लांझा, होंडाची सीआरएम २५०, कावासाकीची केडीएक्स, सुझुकीची आरएमएक्स २५० एस, आणि १९९९ येईपर्यंत सगळ्यांचा कारभार आटोपला. नंतर रस्त्यावर पासिंग होणारी टू-स्ट्रोक ट्रेल गाडी इथे एकाही जपानी कंपनीने काढली नाही.

तर माझे प्रश्न असे. एक, फक्त धुरामुळेच बंद झाल्या का, आणि एवढ्या मोठ्या कंपन्यांना धुरावर इलाज सापडला नाही हे मला पटत नाही. दोन, मी एक जुनी घ्यायचा विचार करतोय. इथे २५० सीसीपर्यंतच्या गाडीला शाकेन, म्हणजे दर दोन वर्षांची तपासणी लागत नाही, टॅक्सही वर्षाला ३,६०० येन फक्त, त्यामुळे ठेवायला स्वस्त आहे. पण विकत घ्यायला स्वस्त राहिलेल्या नाहीत, चांगल्या केडीएक्स किंवा सीआरएमला नव्या फोर-स्ट्रोकएवढे पैसे मागतात. घेतली तर काय बघून घ्यावी? जाणकारांनी सांगा प्लीज.

पोर्ट_टायमिंग (पुणे)

छान प्रश्न काढलात. मी इंजिन डेव्हलपमेंटमध्येच काम करतो त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी मुळाशी जाऊ. फोर-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर काढायला पिस्टनची एक वेगळी फेरी असते. टू-स्ट्रोकमध्ये ती नाही, पिस्टन खाली आला की एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) आणि ट्रान्सफर पोर्ट (नवीन मिश्रण आत यायचं भोक) थोडा वेळ दोन्ही उघडे असतात आणि नवीन मिश्रण जुन्या धुराला ढकलून बाहेर काढतं. बादलीतलं घाण पाणी नवीन पाणी ओतून घालवायचं तसं, थोडं स्वच्छ पाणी सांडणारच. कार्ब्युरेटर असेल तर हे सांडणारं "स्वच्छ पाणी" म्हणजे हवा आणि पेट्रोल दोन्ही, आणि साध्या इंजिनात काही स्पीडला ते पाव हिश्श्याच्या आसपास किंवा जास्तही जातं. म्हणजे लोक ज्याला धूर म्हणतात तो निळा धूर ऑइलचा, तो दिसतो म्हणून बदनाम, पण कायद्यात गाडी नापास होते ती न दिसणाऱ्या न जळालेल्या पेट्रोलमुळे, हायड्रोकार्बनमुळे. उलट नायट्रोजन ऑक्साइड टू-स्ट्रोकचे कमी असतात, ते कोणी बोलत नाही.

जपानमध्ये मोटरसायकलींना एक्झॉस्टचे नियम १९९८ ला लागले, नवीन मॉडेलना आधी आणि चालू मॉडेलना १९९९ पासून. म्हणून तुमच्या आजोबांना ते एका वर्षात घडल्यासारखं आठवतंय. त्या आधी तिथे मोटरसायकलला असा नियमच नव्हता, त्यामुळे अमेरिकेत जे वीस वर्षं आधी झालं ते तिथे उशिरा पण एका फटक्यात झालं.

आता इलाज सापडला नाही का, तर सापडला होता, आणि तोही तुम्ही नाव घेतलेल्या गाडीत! होंडाची सीआरएम २५० एआर, १९९७ ची. त्यातल्या एआरची, म्हणजे ॲक्टिव्ह रॅडिकलची, कल्पना फार सुंदर आहे. टू-स्ट्रोकचा खरा घोळ अर्ध्या थ्रॉटलच्या खाली असतो, आत जळालेला वायू जास्त उरतो, ठिणगी पडूनही पेट घेत नाही, एक-दोन फेऱ्या फुकट जातात, म्हणूनच आयडलला ते रिंग-डिंग-डिंग ऐकू येतं, ते पेट चुकल्याचा आवाज आहे. होंडाने एक्झॉस्टच्या तोंडाशी मोटरने हलणारा व्हॉल्व्ह लावून आतलं प्रेशर असं सांभाळलं की उरलेल्या गरम वायूतल्या क्रियाशील कणांमुळे मिश्रण ठिणगीची वाट न बघता आपोआप, पण ठरलेल्या वेळी, पेटतं. पेट चुकणं थांबलं, हायड्रोकार्बन कमी, पेट्रोलही कमी. आणि हे नुसतं लॅबमध्ये नाही, १९९५ च्या ग्रॅनडा-डाकार रॅलीत होंडाची ४०२ सीसीची ईएक्सपी-२ याच तंत्रावर पळून एकूणात पाचवी आली. एवढं करून गाडी बाजारात आली १९९७ ला आणि १९९९ ला बंद. दोन वर्षं मिळाली तिला. मला आजही याचं वाईट वाटतं.

दुसरा मोठा इलाज म्हणजे पेट्रोल आधी मिसळायचंच नाही, नुसती हवा ढकलू द्यायची आणि पोर्ट बंद होता होता पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारायचं. ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटल कंपनीने यावर आयुष्य घातलं. आपल्याकडे बजाजने त्यांचंच तंत्र घेऊन २००७ च्या सुमारास डायरेक्ट इंजेक्शनची टू-स्ट्रोक रिक्षा काढली होती, हे पुण्यातल्या लोकांनाही माहीत नसतं. बर्फावरच्या स्की-डू गाड्यांमध्ये रोटॅक्सची डायरेक्ट इंजेक्शन टू-स्ट्रोक इंजिनं आजही आहेत. म्हणजे तंत्र आहे. पण ट्रेल बाईकचं गणित काय होतं तर हलकी, साधी आणि स्वस्त, त्यात इंजेक्टर, पंप, बॅटरी, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घातला की तिन्ही गेलं, आणि कंपनीच्या शेल्फवर त्याच २५० सीसीचं फोर-स्ट्रोक तयार पडलेलं. कोणता मॅनेजर पहिल्यावर पैसे लावेल? माझ्या मते इंजिन हरलं नाही, हिशोबात बसलं नाही.

वैदेही_सॅन_होजे

पोर्ट टायमिंग, एआरबद्दल इतकं सोपं कोणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं, थँक्यू.

मी अमेरिकेची बाजू सांगते कारण या जातीच्या गाडीची खरी सुरुवात इथेच झाली. गाडी जपानी पण गिऱ्हाईक अमेरिकन. यामाहाने १९६८ ला डीटी-१ आणली, २५० सीसी, लाईट, नंबरप्लेट, आणि त्याच गाडीवर ऑफिसला जा आणि त्याच गाडीवर शनिवारी वाळवंटात. त्या आधी असं करायचं तर लोक जड रोड बाईकचे मडगार्ड कापून घेऊन जायचे. डीटी-१ इतकी खपली की सुझुकीने टीएस, कावासाकीने बिगहॉर्न, सगळे मागोमाग आले, आणि इथल्या किती घरांत बाप-मुलगी-मुलगा सगळे याच गाड्यांवर शिकले.

मग १९७८ मॉडेलपासून ईपीएचे, म्हणजे इथल्या पर्यावरण खात्याचे, धुराचे नियम आले आणि १९८० पासून रस्त्यावरच्या गाडीला किलोमीटरला ५ ग्रॅम हायड्रोकार्बनची मर्यादा झाली. डीटी २५० आणि ४०० इथे १९७९ ला संपल्या, यामाहाने फोर-स्ट्रोक एक्सटी पुढे केली.

पण मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. रस्त्यावरून गेल्यावर टू-स्ट्रोक मेली नाही, ती फक्त जंगलापुरती झाली, केडीएक्स २०० सारखी, लाईट आहे पण नंबर नाही. मग २००२ मध्ये ऑफ-रोड गाड्यांनाही ईपीएने नियम केले, २००६ मॉडेलपासून लागू, पण त्यात एक सूट ठेवली की जी गाडी फक्त स्पर्धेसाठी विकली जाते तिला हे नियम नाहीत. परिणाम काय झाला बघा. केडीएक्स, जी मवाळ, बुटकी, शिकाऊ माणसाला झेपणारी, ती स्पर्धेची गाडी नाही, ती २००६ ला संपली. आणि यामाहाची वायझेड २५०, जी हात सैल पडला तर अंगावर येते, ती स्पर्धेची म्हणून आजही शोरूमला नवी कोरी मिळते! कमी धूर करणारी नाही वाचली, जास्त रागीट असणारी वाचली. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, इथल्या सेंट्रल व्हॅलीची उन्हाळ्यातली हवा ज्यांनी बघितलीय ते असं म्हणणारच नाहीत, पण मधली गाडी, साध्या माणसाची, ती या फटीत पडून गेली. म्हणून मला "टू-स्ट्रोक बंद झाल्या" हे वाक्य अर्धवट वाटतं, बंद झाली ती ट्रेल.

कॅलिफोर्नियात तर अजून एक पदर होता, हिरवा आणि लाल स्टिकर. नियमात बसणाऱ्या ऑफ-रोड गाडीला हिरवा, वर्षभर कुठेही चालवा. न बसणारीला लाल, आणि मग हॉलिस्टर हिल्स, कार्नेगी अशा ठिकाणी ओझोन वाढतो त्या महिन्यांत बंदी असायची. गंमत म्हणजे २००२ पर्यंतच्या गाड्या हिरव्यातच धरल्या, २००३ पासून पुढे चासी नंबरचं आठवं अक्षर सी किंवा ३ असेल तर लाल. त्यामुळे इथे जुनी टू-स्ट्रोक बघायला गेलं की लोक इंजिनाआधी चासी नंबर वाचायचे. माझी केडीएक्स २००१ ची आहे ती याच कारणाने घेतली. आणि २०२२ मॉडेलपासून लाल स्टिकरच बंद, म्हणजे नवीन स्पर्धेची गाडी घेतली तर सरकारी जागेत न्यायचीच नाही, खासगी ट्रॅकवर फिरवा.

हामामात्सुकर, तुम्हाला शाकेन नाही आणि नंबरप्लेट आहे, म्हणजे घरून निघून थेट डोंगरात जाता येतं. आमच्याकडे पिकअप ट्रकमध्ये घालून न्यावी लागते. घ्या तुम्ही, दोनदा विचार करू नका.

सह्यभ्रमर (नाशिक)

मला वेगळं मत मांडायचंय, राग मानू नका.

मी एक्सपल्स २०० चालवतो, त्या आधी हिरोची इम्पल्स होती, २०११ ला आली तेव्हा लगेच घेतलेली. भारतात सामान्य माणसाच्या बजेटमधली ट्रेल गाडी म्हणजे तीच पहिली, आणि ती फोर-स्ट्रोक होती, आम्हाला टू-स्ट्रोक ट्रेल कधी मिळालीच नाही त्यामुळे हळहळही नाही. पण मुद्दा तो नाही. आम्ही ज्या वाटांवर जातो तिथे वाड्या-वस्त्या आहेत, गुरं चरत असतात, धनगर असतात. फोर-स्ट्रोक कमी आवाजात गेली तर माणसं हात करतात, वाट सांगतात. दोन-चार सायलेन्सर काढलेल्या गाड्या धूर सोडत वर गेल्या की पुढच्या रविवारी वाटेवर दगड लावलेले असतात, हे आमच्याकडे झालंय. वाट एकदा बंद झाली की गाडी कोणती का असेना, काय उपयोग.

शिवाय रोजचं बघा. टू-स्ट्रोकला पेट्रोल जास्त, टाकी लहान, जपानच्या डोंगरात रविवारी पेट्रोल पंप बंद असतात असं ऐकतो, ऑइल बरोबर न्यायचं, पिस्टन-रिंग बदलत राहायचं. सीआरएफ २५० एलला ऑइल बदललं आणि फिल्टर साफ केला की झालं. ज्याला फक्त डोंगर बघायचाय त्याला तीच बरी. आणि जपानमध्ये फोर-स्ट्रोकसुद्धा जातायत हे लक्षात घ्या, यामाहाची सेरो १९८५ पासून होती, २०२० ला फायनल एडिशन काढून बंद केली. मी तर म्हणेन की शक्य असेल तर चांगली वापरलेली सेरो घ्या.

वैदेही_सॅन_होजे

सह्यभ्रमर, वाटेचं म्हणणं शंभर टक्के मान्य, इथेही आवाजानेच जागा गेल्यात, जास्त करून मोकळ्या पाइपांमुळे. पण मूळ सायलेन्सर लावलेली केडीएक्स किंवा डीटी फार गोंगाट करत नाही हो. आणि पिस्टन बदलण्याचं म्हणाल तर तेच मला आवडतं, आत व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही, हेड आणि सिलिंडर उचलला की पिस्टन हातात. मी हे माझ्या गॅरेजमध्ये एकटीने करते. फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व्ह सेट करायला मला कोणाकडे तरी जावं लागतं.

गॅरेजवाले_अण्णा (कोल्हापूर)

हामामात्सुकर बाळा, वरची सगळी मंडळी शिकलेली आहेत, त्यांनी कारणं सांगितली, मी हाताची कामं सांगतो. मी उभी हयात आरएक्स, शोगन, समुराई, येझदी यांच्यात घालवली, डर्ट ट्रॅकच्या गाड्या बांधल्या, पोरं आमच्या गाड्यांवर नंबर काढायची. आरएक्स १०० तर १९९६ लाच बंद झाली, १३५ नंतर २००५ पर्यंत चालली, पण आजही सकाळी शटर उघडायच्या आधी एखादी आरएक्स दारात उभी असते. तुझी डीटी काय नि केडीएक्स काय, आतनं सगळी एकाच रक्ताची.

गाडी बघायला जाशील तेव्हा मालकाला आधीच सांग की चालू करून ठेवू नको, थंड पाहिजे. गेल्या गेल्या पाइपाला हात लाव, गरम लागला तर त्याला काहीतरी लपवायचंय असं समज आणि चहा घेऊन परत जा, तासाभराने ये. थंड इंजिन चोक ओढून दोन-तीन किकमध्ये आलं पाहिजे.

मग आयडल बघ. थ्रॉटल मारून सोडलास की आवाज झटकन खाली यायला पाहिजे. वरच लटकत राहिला, उगाच पळत राहिली, तर कुठून तरी हवा ओढतेय, आणि जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पहिला संशय क्रँकच्या मॅग्नेटकडच्या ऑइल सीलवर. रबर आहे ते, गाडी चालो न चालो वीस-पंचवीस वर्षांत कडक होतं. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, ऑइल पण कमी, पिस्टन तापणार आणि एक दिवस जॅम. उलट दुसऱ्या बाजूचं, क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढून जाळते, धूर पांढरा नि जाड, थांबतच नाही, आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. मालक म्हणेल टू-स्ट्रोक आहे, धूर मारणारच. गरम झाल्यावर चांगली टू-स्ट्रोक फार धूर मारत नाही, ध्यानात ठेव.

सील दोन्ही मिळून काही फार पैशाचं काम नाही, पण ते आधी कळलं तर भाव करता येतो म्हणून सांगतोय.

पुढचं पॉवर व्हॉल्व्ह, इंजिनच्या स्पीडप्रमाणे एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणारी झडप. यामाहाला वायपीव्हीएस आहे, चावी फिरवली की छोटी मोटर झीं करून व्हॉल्व्ह एकदा पूर्ण फिरवते. तो आवाज आला नाही तर मोटर गेली, नाहीतर वायर, नाहीतर व्हॉल्व्ह कार्बनने चिकटलाय. कावासाकीचं वेगळं, त्यात इंजिनच्या फिरण्यावर चालणारा गव्हर्नर आहे, मोटर नाही, त्यामुळे ते चालवूनच कळतं. खालून वर नेताना मधेच ताकद सुटल्यासारखी जोरात यायला पाहिजे. नुसतीच खाली गुरगुरत असेल आणि वर दमत असेल तर आत कार्बन साचलाय किंवा दाते झिजलेत. कार्बन असेल तर घाबरू नको, खोलून साफ होतो. दाते झिजलेले असतील तर पार्ट मिळतो का ते आधी चौकशी कर.

आणि सिलिंडर प्लेटिंगचा (आतून कडक धातूचा पातळ थर) आहे का लायनरचा (आत लोखंडी नळी) ते विचार. आपल्याकडे आरएक्सला लायनर, घासला की बोअर करून पुढच्या साईजचा पिस्टन घालतो. प्लेटिंगच्या सिलिंडरला बोअर करता येत नाही, परत प्लेटिंगच करायला लागतं, तो खर्च मोठा.

हामामात्सुकर

बापरे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. अण्णा, तुमचं उत्तर मी कागदावर उतरवून घेतलंय.

सह्यभ्रमर, सेरो मी चालवून बघितलीय, गुणी गाडी आहे, आणि पंप रविवारी बंद असतात हे खरंच आहे, खेड्यातले तर नक्कीच. पण इथले रिंदो बहुतेक रिकामे असतात, गावं ओस पडत चाललीत, जे दोन-चार लोक भेटतात ते स्वतःच कधीकाळी अशा गाड्या चालवलेले असतात. सायलेन्सर मूळचाच ठेवणार हे मी पक्कं ठरवलंय.

दोन गाड्या नजरेत आहेत. एक केडीएक्स २२० एसआर, दुसरी लांझा. लांझाला बटन स्टार्ट आहे हा मोठा फायदा, उतारावर गाडी बंद पडली की किक मारणं किती अवघड ते तुम्हाला माहितीच आहे. केडीएक्स दिसायला फार आवडली आहे. सीआरएम एआर मिळाली असती तर पोर्ट टायमिंग यांचं वाचून तीच घेतली असती पण तिचे भाव ऐकून गप्प बसलो.

अजून एक, आज नवीन टू-स्ट्रोक ट्रेल कुठेच बनत नाही का? युरोपात बनतात असं एकजण म्हणाला.

साल्झबुर्गवाला

बनतात, पण वैदेहींनी स्पर्धेची आणि ट्रेलची असा जो फरक केलाय तो धरूनच वाचा. मी ऑस्ट्रियात असतो, मॅटिघोफेनचा केटीएमचा कारखाना इथून फार लांब नाही.

युरोपात टू-स्ट्रोक एंड्युरो, म्हणजे कच्च्या वाटेवरच्या लांब स्पर्धांच्या गाड्या, कधी थांबल्याच नाहीत. केटीएमने २०१७ मध्ये २५० आणि ३०० ईएक्ससी टीपीआय आणल्या, मागच्या दोन ट्रान्सफर पोर्टमध्ये एकेक इंजेक्टर, ऑइलची वेगळी टाकी, किती ऑइल सोडायचं ते ईसीयू ठरवतो. विकायला काढलेल्या एंड्युरोमध्ये इंजेक्शनवाली टू-स्ट्रोक इतक्या मोठ्या प्रमाणात पहिल्यांदाच आली आणि ती आलीच मुळी युरो ४ मुळे, इथल्या धुराच्या नियमांमुळे. २०२४ मॉडेलपासून इंजेक्टर थ्रॉटल बॉडीवर आला. पण या सगळ्या उंच, कडक, महाग गाड्या, कागदावर पासिंग होतं ते ताकद बांधून, आणि सर्व्हिस तासांवर मोजतात.

साध्या माणसाची ट्रेल म्हणाल तर केटीएमनेच २०१४ मॉडेलला फ्रीराईड २५० आर काढली होती. पॉवर व्हॉल्व्ह नाही, किक नाही, बटनावर चालू, सीट खाली, वजन शंभर किलोच्या आत. डोंगरात पायवाटेवर यासारखी गाडी नाही, मी मित्राची भरपूर चालवलीय, बोटभर थ्रॉटलवर झाडाच्या मुळांवरून चढत जाते आणि पडली तर एका हाताने उभी करता येते. तीही तीन-चार वर्षांत बंद करून तिच्या जागी फोर-स्ट्रोक फ्रीराईड २५० एफ आणली. आता त्या जागेत इटलीच्या बेटाची एक्सट्रेनर ३०० उरलीय, २०१५ पासून आहे, ऑइल पंपासकट, सीट इतर एंड्युरोपेक्षा बुटकी, शिकणाऱ्यालाही झेपते. जपानमध्ये तिचं पासिंग आणि किंमत काय ते तिथल्या डीलरला विचारा.

केटीएम २०२४ च्या शेवटी दिवाळखोरीत गेली आणि आता सूत्रं बजाजकडे आलीत, म्हणजे मॅटिघोफेनचे निर्णय आकुर्डीत, पुण्याला बजाजच्या मुख्य ऑफिसात होणार. चाकणला केटीएमच्या फोर-स्ट्रोक इतकी वर्षं बनतायतच. फ्रीराईड २५० आर सारखी साधी टू-स्ट्रोक, इंजेक्शन घालून, तिथे बनली तर किंमत कुठल्या कुठे खाली येईल. रिक्षाला डायरेक्ट इंजेक्शन लावून दाखवलेली कंपनी आहे, येत नाही असं कोण म्हणेल. मला हे व्हावं असं फार वाटतं.

पोर्ट_टायमिंग (पुणे)

बीएस-६ मध्ये रस्त्यावरचं पासिंग मिळवायचं तर अवघड आहे पण अशक्य म्हणणार नाही. खरी अडचण खपाची. आपल्याकडे अशी गाडी वर्षाला किती जातील, त्यावर कोणी टूलिंगचा खर्च काढत नाही. केटीएमने भारतात २०२४ ला एसएक्स मालिकेतल्या लहान मुलांच्या ५०, ६५, ८५ सीसी टू-स्ट्रोक आणल्या, पण त्या फक्त ट्रॅकच्या. पुन्हा तेच, स्पर्धेची आली, ट्रेलची नाही.

हामामात्सुकर, दोन्हींत माझं मत लांझाला, पण अण्णांनी सांगितलेलं सगळं तपासून.

गॅरेजवाले_अण्णा (कोल्हापूर)

बाळा, बटन स्टार्टसाठी लांझा घेणार असशील तर घे, बॅटरी नवी टाक. दोन गोष्टी राहिल्या सांगायच्या.

एक, घाट उतरताना. आमच्या आंबोलीत किती आरएक्स जॅम झालेल्या मी बघितल्यात. पोरं गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद करून मैलभर उतरतात, इंजिन जोरात फिरतंय पण थ्रॉटल बंद म्हणून पेट्रोल नाही आणि पंप ऑइलही अगदी थोडं देतो, पिस्टन कोरडा. तुझे रिंदो असेच लांब उताराचे असतील. अधनंमधनं क्लच दाबून थ्रॉटल मारत जा, ऑइल पोचतं.

दोन, घेतल्यावर पहिल्या दिवशी ऑइल पंपावर भरवसा ठेवू नको. आधीच्या मालकाने टाकीत काय ओतलंय आणि पाइपात हवा किती आहे कोणाला माहीत. टाकी रिकामी करून साफ कर, जासो एफडी लिहिलेलं चांगलं ऑइल भर, पंपाची हवा काढ, आणि पहिली टाकी पेट्रोलमध्ये पण पन्नासाला एक मिसळून चालव. धूर मारेल, मारू दे. त्या टाकीत ऑइलच्या टाकीवर खूण करून ठेव, पातळी खाली गेली म्हणजे पंप ओढतोय, मगच मिसळणं बंद कर.

आणि पैसे द्यायच्या आधी पुढचा पाइप काढायला लाव. एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारलास की पिस्टनची बाजू दिसते. किक हळू दाबून पिस्टन वर-खाली कर आणि बघ, गुळगुळीत असेल तर ठीक, उभे ओरखडे दिसले तर सिलिंडरचा खर्च धरून भाव कर. मालक पाइप काढू देत नसेल तर दुसरी बघ. फोटो काढून इथे टाक, मी सांगतो.